हातपाय लुळे पडतात तेव्हा : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

हातापायांतली ताकद जाण्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. बहुतेकांनी ‘लकवा’ हा एक आजार आहे असं धरून त्यावरचं औषध विचारलं आहे. लकवा हे लक्षण आहे. हात हलवण्याची आज्ञा मेंदूत निघते, मेंदूच्या तळाशी बाजू बदलते, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून खाली येते, तिथून नसेत शिरते आणि शेवटी स्नायूपर्यंत पोचते. या वाटेवर कुठेही बिघाड झाला तरी हात लुळाच पडतो. मात्र जागेनुसार कारण बदलतं, उपचार बदलतो आणि हाताशी असलेला वेळही बदलतो. म्हणून डॉक्टर आधी चार गोष्टी विचारतात. ताकद किती वेगाने गेली? कोणते अवयव गेले? स्पर्श कळतो का? लघवी-संडासावर ताबा आहे का? खालची उत्तरंही त्याच धाग्याने वाचावीत.

प्रश्न : सासरे ६६ वर्षांचे, बीपीचे रुग्ण. रात्री साडेदहाला नीट बोलून झोपले. पहाटे पाचला उठले तर उजवा हात-पाय उचलेना, बोलणं जड. आधी जवळच्या डॉक्टरांकडे बीपी बघितलं, मग इस्पितळात पोचेपर्यंत नऊ वाजले. तिथे म्हणाले, इंजेक्शनची वेळ टळली. पाच ते नऊ म्हणजे चारच तास होतात. मग वेळ टळली कशी? — लालबाग

उत्तर : घड्याळ लक्षात आल्यापासून धरत नाहीत. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, तिथपासून धरतात. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत ती वेळ रात्री साडेदहाची, म्हणजे नऊ वाजता साडेदहा तास झाले होते. हा मेंदूचा झटका. त्यात बहुधा रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि मेंदूच्या एका भागाला रक्त मिळत नाही. ती गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत देता येतं. त्यानंतर मेंदूचा तो भाग मेलेला असण्याची शक्यता वाढते आणि मेलेल्या भागात रक्ताचा प्रवाह जोराने परत आला की तिथेच रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टर नकार देतात तो याच भीतीने.

पण इथे घरच्यांची एक आठवण फार मोलाची ठरते. रात्री ते लघवीला उठले होते का? चारला पाणी आलं तेव्हा बादली भरायला उठले होते का? तेव्हा नीट चालले-बोलले असतील तर घड्याळ चारपासून सुरू होतं. इस्पितळाच्या दारात गोंधळात ही गोष्ट सांगायची राहून जाते. झोपेतून उठताना झालेल्या झटक्यात काही ठिकाणी एमआरआयच्या दोन प्रकारच्या चित्रांची तुलना करून बिघाड ताजा आहे की जुना, हे ठरवतात आणि ताजा असेल तर इंजेक्शन देतात. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून नळी घालून गुठळी बाहेर ओढता येते. हे सहा तासांपर्यंत करतात आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही. म्हणून ‘वेळ गेली’ असं कानावर पडलं तरी एक प्रश्न जरूर विचारावा : सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) झाली का, मोठी वाहिनी बंद आहे का, आणि ती सोय इथे नसेल तर कुठे पाठवता?

जवळच्या डॉक्टरांकडे बीपी बघण्यात गेलेला वेळ हेच मुंबईतलं सर्वांत मोठं नुकसान आहे, असं आम्ही स्पष्टच म्हणतो. मोठी वाहिनी बंद असेल तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात वर धरला की खाली पडतो, बोलणं बोबडं : यातलं एकही अचानक दिसलं तर १०८ला फोन करा किंवा सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेल्या मोठ्या इस्पितळात थेट जा. तुमच्या भागातून परळचं केईएम जवळ आहे. बाकीच्या वाचकांनी शीवचं टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, पार्ल्याचं कूपर यांपैकी सोयीचं कुठलं, हे आजच ठरवून ठेवावं. इस्पितळात पोचल्यावर स्कॅन, रक्त तपासणी आणि इंजेक्शन यांना तासभर तरी जातो, म्हणून तिथे तीन तासांच्या आत पाऊल पडायला हवं.

लिफ्ट नसलेल्या इमारतीत रुग्णाला चालवत खाली आणू नका. हात असलेल्या खुर्चीत बसवा, ओढणीने छातीशी सैल बांधा आणि दोघांनी खुर्ची उचलून जिना उतरा. तोंडात काहीही घालू नका. पाणी नको, तुळशीचा रस नको, साखरही नको, कारण गिळण्याची ताकद गेलेली असेल तर ते फुप्फुसात जातं. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. त्या वेळी मेंदू वाढलेल्या दाबावरच उरलेला भाग जगवत असतो. ॲस्पिरिनही घरी देऊ नका. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे बाहेरून कुणालाही ओळखता येत नाही. ते सीटी स्कॅनच सांगतं. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन तो वाढवतं. मधुमेही असेल आणि घरात ग्लुकोमीटर असेल तर साखर तेवढी बघा, कारण साखर फार उतरली तरी एक बाजू लुळी पडते आणि ती शिरेतून ग्लुकोज मिळताच परत येते. निघताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती दारातच सांगा.

प्रश्न : डाव्या हातातून मोबाइल पडला, दहा मिनिटं हात जड होता, मग पूर्ण ठीक. वय ५८. ॲसिडिटी असेल का? — दादर

उत्तर : नाही. हा छोटा झटका समजा आणि हे वाचत असाल त्याच दिवशी इस्पितळ गाठा. गुठळी अडकून सुटली असण्याची शक्यता आहे. मोठा झटका येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. मेंदूचा स्कॅन, मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, ईसीजी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. नाडी अनियमित लागत असेल तर ते आवर्जून सांगा. हृदयात गुठळ्या होत असतील तर औषध वेगळं असतं. मशेरी, तंबाखू, विडी यातलं काही असेल तर आजपासून बंद.

प्रश्न : पुण्यात जीबीएसची (गियां-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली तेव्हापासून धास्ती आहे. मुलीला (वय १९) जुलाब झाले, ते थांबले. आता बाराव्या दिवशी दोन्ही पायांना मुंग्या येतात आणि जिना चढताना कठडा धरावा लागतो. थांबून बघावं का? — मुलुंड

उत्तर : थांबू नका. जुलाब किंवा सर्दी-तापानंतर एक ते तीन आठवड्यांनी दोन्ही पायांपासून सुरू होऊन वर चढत जाणारी कमजोरी, हे गियां-बारे सिंड्रोमचं नेहमीचं रूप आहे. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात अशा रुग्णांची संख्या अचानक वाढली, तेव्हा दूषित पाण्यावर संशय गेला. कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू इथे मुख्य आरोपी असतो. या जंतूच्या कवचाशी आपल्या नसांच्या आवरणाचं साम्य आहे, म्हणून जंतूवर सोडलेली प्रतिपिंडं नसांवरही हल्ला करतात. हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही.

खरा धोका पायांत नसून श्वासात आहे. साधारण चार ते पाच रुग्णांतल्या एकाला व्हेंटिलेटर लागतो. घरी एक चाचणी करता येते. खोल श्वास घेऊन एका दमात, सावकाश नाही आणि भरभरही नाही, आकडे म्हणायला सांगा. वीसच्या आत दम संपत असेल, आवाज नाकातून येत असेल किंवा पाणी पिताना ठसका लागत असेल, तर अतिदक्षता विभाग असलेल्या इस्पितळातच जा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. छातीचे स्नायू दमत असतानाही तो बराच वेळ ९८ दाखवत राहतो आणि आकडा उतरतो तेव्हा उशीर झालेला असतो.

तपासणीत डॉक्टर हातोडीने गुडघा ठोकून बघतील. या आजारात पाय उडत नाही. पाठीतून पाणी काढून त्यात प्रथिनं वाढलेली आहेत का ते बघतात, पण पहिल्या आठवड्यात हा अहवाल नॉर्मल येऊ शकतो. नसांची तपासणीही सुरुवातीला फसवते. म्हणून अहवाल नॉर्मल आला म्हणून घरी परतू नका, लक्षणं सांगतात ते धरा.

उपचार दोन आहेत आणि दोन्ही सारखेच परिणामकारक. एक, इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं शिरेतून देणं : किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. मुलगी ५० किलोची असेल तर रोज २० ग्रॅम, एकूण १०० ग्रॅम. हे महाग पडतं. दुसरा, रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ भाग, बदलणं, साधारण दोन आठवड्यांत पाच वेळा. हा सहसा कमी खर्चात होतो, पण त्यासाठी यंत्र आणि सरावलेली माणसं लागतात. पैशांची अडचण असेल तर दुसऱ्या उपचाराबद्दल मोकळेपणाने विचारा, त्यात कमीपणा नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा इथे उपयोग होत नाही. कमजोरी चार आठवड्यांच्या आत टोक गाठते, मग थांबते आणि मग उतरते. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात.

प्रश्न : भाचा २४ वर्षांचा, व्यायामशाळेत जाणारा. लग्नात भरपूर जेवला, पहाटे उठायला गेला तर मांड्या आणि खांदे उचलेनात. बोलत होता, स्पर्श कळत होता. इस्पितळात पोटॅशियम २.१ निघालं, ते दिलं आणि संध्याकाळी चालत घरी आला. आता रोज केळी देतोय. पुरे का? — डोंबिवली

उत्तर : केळ्यांनी काम होणार नाही. एका केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. शिवाय मुळात शरीरात पोटॅशियमची तूट असतेच असं नाही. गोड आणि पिष्टमय पदार्थ पोटभर खाल्ले की इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं. दमवणाऱ्या व्यायामानंतरच्या विश्रांतीतही असंच होतं. रक्तात पातळी ३.५ ते ५ असायला हवी. ती फार खाली गेली की स्नायू आज्ञा मानत नाहीत.

आता थायरॉइडची तपासणी झालीच पाहिजे. आशियाई तरुण पुरुषांत थायरॉइड वाढल्याचं हे पहिलं लक्षण असू शकतं. हाताला कंप, घाम, धडधड, वजन उतरणं आहे का बघा. थायरॉइड आटोक्यात आला की झटके थांबतात. तो नॉर्मल निघाला तर मूत्रपिंडातून पोटॅशियम गळतंय का, हे लघवीच्या तपासणीतून बघावं लागतं. पुन्हा असं झालं तर रिक्षात घालताना एक गोष्ट बजावून सांगा : ‘याला ग्लुकोजचं सलाइन लावू नका.’ अशक्त दिसला की ते आपोआप लावलं जातं आणि त्याने पोटॅशियम आणखी खाली जातं. ईसीजी काढायला लावा, कारण कमी पोटॅशियमने हृदयाचे ठोकेही बिघडतात.

प्रश्न : बहीण २९ वर्षांची. चार महिने पाठीच्या मधोमध दुखतं, रात्री जास्त. संध्याकाळी अंग गरम लागतं. पट्टा आणि वेदनाशामक चालू आहे. आता चालताना चप्पल पायातून निसटते. — भांडुप

उत्तर : तिला आज एकच विचारा : चप्पल निसटलेली तिला कळते का? कळत असेल तर पावलाची ताकद कमी झाली आहे. कळतच नसेल, कुणी मागून ओरडून सांगितल्यावर वळून बघत असेल, तर संवेदनाही गेली आहे. दोन्ही स्थितींत पट्टा बांधून घरी राहण्याची वेळ संपलेली आहे.

पाठदुखी, बारीक ताप, वजन उतरणं आणि नंतर पायांत कमजोरी, असा क्रम असेल तर मुंबईत पहिला संशय मणक्याच्या टीबीचा. खोकला असायलाच हवा असं नाही. जंतू दोन मणक्यांच्या मधली चकती आणि लगतची हाडं पोखरतात, पू साचतो आणि मज्जारज्जूवर दाब येतो. साध्या एक्स-रेत हाड बरंच खाल्लं गेल्याशिवाय दिसत नाही, म्हणून एमआरआय हवा आणि तोही शक्यतो पूर्ण कण्याचा, कारण बिघाड एकाहून जास्त ठिकाणी असू शकतो.

त्याच्याच जोडीला एक आग्रह धरा. सुईने तिथला पू किंवा तुकडा काढून त्याची सीबीनॅट (टीबीचा जंतू आहे का आणि तो औषधाला दाद देतो का, हे सांगणारी चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून बघण्याची) तपासणी झाली पाहिजे. केवळ एमआरआय बघून टीबीच्या गोळ्या सुरू करण्याची घाई होते, पण मुंबईत औषधांना दाद न देणारा टीबी बराच आहे. गोळ्या लागू पडत नाहीत हे चार महिन्यांनी कळलं, तर तोवर पाय गेलेले असतात. कण्याच्या टीबीचं औषध फुप्फुसाच्या टीबीसारखं सहा महिन्यांत थांबत नाही. ते १२ ते १८ महिने चालतं आणि सरकारी केंद्रांत मोफत मिळतं. दोन-तीन महिन्यांत दुखणं थांबलं की लोक औषध सोडतात, ते मात्र होऊ देऊ नका. कमजोरी वाढत असेल किंवा कणा वाकत असेल तर शस्त्रक्रिया लागते. दाब वेळेत उतरला तर पायांची ताकद चांगली परत येते.

लघवी तुंबली, किंवा बसायच्या जागी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, तर उद्याची वाट न बघता त्याच रात्री इस्पितळ. हा नियम सरकलेल्या चकतीलाही लागू आहे.

प्रश्न : सकाळी आरशात बघितलं तर तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा डोळा मिटत नाही. हातपाय ठीक. अंगावरून वारं गेलं का? — बोरिवली

उत्तर : भुवया वर करून बघा. उजव्या कपाळावर आठ्या पडत नसतील आणि हात, पाय, बोलणं सगळं नीट असेल, तर बहुधा चेहऱ्याची नस सुजली आहे. मेंदूच्या झटक्यात कपाळावरच्या आठ्या सहसा टिकून राहतात. तरीही तपासून घ्या आणि तीन दिवसांच्या आत घ्या, कारण स्टेरॉइडचा फायदा ७२ तासांत सुरू केल्यावरच होतो. मधुमेह असेल तर आधी सांगा. कानात फोड आले असतील तर औषध वेगळं लागतं. डोळ्याची काळजी औषधाइतकीच महत्त्वाची : दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम घालून पापणी कागदी चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर बुबुळ कोरडं पडून जखम होते.

प्रश्न : आमच्या पाड्यात एक मुलगा सकाळी पोट दुखतंय म्हणत उठला, पापण्या मिटू लागल्या, दुपारपर्यंत हातपाय लुळे. साप चावल्याची खूण नव्हती, तरी डॉक्टर म्हणाले, मण्यार चावली. असं होतं? — आरे, गोरेगाव

उत्तर : होतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही आणि खूणही दिसत नाही. पावसाळ्यात पहाटे अकारण पोटदुखी आणि उघडता न येणाऱ्या पापण्या दिसल्या, तर मांत्रिकाकडे नेऊ नका. दोरी आवळू नका, जखम कापू नका. प्रतिविष असलेल्या सरकारी इस्पितळात न्या. कमजोरी इथे वरून खाली उतरते, पापण्यांपासून सुरू होऊन मग घसा आणि छाती. असा रुग्ण व्हेंटिलेटरवर निपचित दिसतो, पण आत पूर्ण जागा असू शकतो आणि सगळं ऐकत असतो. त्याच्या उशाशी काय बोलायचं, हे त्यावरून ठरवा. झोपताना खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हवी.

प्रश्न : आई ६१ वर्षांची, उजवी बाजू गेली, दोन महिन्यांपूर्वी घरी आणली. चाळीत दहा बाय बाराची खोली, संडास सामाईक. खांदा खूप दुखतो. नातेवाईक पारव्याचं रक्त चोळायला सांगतात. कसरत काय द्यावी? — काळाचौकी

उत्तर : पारव्याचं रक्त, गरम तेल, शेक : यातल्या कशानेही मेंदूची आज्ञा स्नायूपर्यंत पोचत नाही. कोमट तेलाने हलकी मालिश केली तर अंग मोकळं वाटतं, ती करा. पण पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर मुळीच चोळू नका. आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाते. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका. भाजतं आणि कळत नाही.

खांदा दुखतोय तो बहुधा तिला उठवताना हात ओढल्यामुळे. खांद्याचा सांधा स्नायूंच्या जोरावर टिकतो. स्नायू ढिले पडले की हाताच्या वजनानेच तो खाली सरकतो आणि ओढलं की आणखी सुटतो. उठवताना कमरेला रुंद पट्टा किंवा जुन्या नऊवारीची घडी बांधून ती धरा, काखेत हात घालू नका. बसल्यावर उजवा हात उशीवर ठेवा. झोळी फक्त उभं राहताना आणि चालताना हवी, दिवसभर नको, नाहीतर कोपर आखडतं. पोलकं घालताना आधी उजवा हात बाहीत घाला, काढताना उजवा शेवटी.

जमिनीवरच्या गादीवरून उठणं तिला अशक्यच आहे. पाय टेकतील इतक्या, साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर उंचीची खाट घ्या. ती अशी लावा की डावी, चांगली बाजू उतरण्याच्या कडेला येईल. शेजारी भांडं असलेली कमोड खुर्ची ठेवा. दर दोन तासांनी कूस बदला आणि रोज माकडहाड, टाचा आणि घोटे बघा. लाल डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल तर जखम सुरू झाली आहे, त्या जागेवर भार अजिबात नको. जेवताना ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा. पातळ पाण्यापेक्षा दाट पेज, मऊ खिचडी किंवा दही सोपं जातं. ठसका लागला किंवा आवाज ओलसर झाला तर थांबा. जेवणानंतर गालात घास अडकलेला नाही ना ते बघा आणि अर्धा तास बसवून ठेवा.

कसरतीत सर्वांत उपयोगी म्हणजे खुर्चीतून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवा, तिच्या उजव्या बाजूला तुम्ही उभ्या राहा, पाऊल गुडघ्याच्या जरा मागे, पुढे वाकून उठायचं. पाच वेळा, दिवसातून तीनदा, मग हळूहळू वाढवा. हाताला खरीखुरी कामं द्या : मटार सोलणं, पेला सरकवणं, फडका पसरणं. रबरी चेंडू दाबायला सगळेच देतात, पण तिची बोटं आपसूक मिटत असतील तर त्याने मिटणंच पक्कं होतं. तिला बोटं उघडण्याचा सराव हवा. पहिले तीन महिने सुधारणा सर्वांत वेगाने होते, म्हणजे तुमच्याकडे तो काळ अजून उरला आहे. पुढेही ती चालू राहते, फक्त सावकाश. पाय सहसा हाताच्या आधी सुधारतो.

उजवी बाजू गेली असेल तर बोलणंही अडलेलं असू शकतं, कारण बहुतेकांत भाषेचं केंद्र डाव्या मेंदूत असतं. तिला समजतंय पण शब्द सापडत नाही, असं असेल तर तिच्या तोंडचा शब्द हिसकावू नका. ‘हो’ किंवा ‘नाही’ने उत्तर देता येईल असं विचारा आणि थांबा. ती सारखी रडत असेल, जेवत नसेल, तर तो हट्ट समजू नका. झटक्यानंतर दर तीनांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे.

हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था १९५५पासून याच कामासाठी आहे. फिजिओथेरपी, वाचा उपचार आणि पावलाला लावायची पट्टी हे सगळं तिथे एकाच जागी होतं. जाताना इस्पितळाचं डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनची फिल्म आणि चालू गोळ्यांची यादी न्या. आणि त्या गोळ्या, बीपीची आणि रक्त पातळ ठेवणारी, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मध्येच बंद करू नका. दुसरा झटका अनेकदा अशा बंद केलेल्या गोळ्यांनंतरच येतो.